मागून नको, बरोबर वाजव

पेटीच्या साथीत सगळ्यात अवघड काय, असं कुणी विचारलं तर मी सांगते, अंतर. गाणारा पुढे, आपण मागे, पण किती मागे? फार जवळ गेलं तर त्याच्या पायात पाय येतो. फार मागे राहिलं तर जागा निघून गेल्यावर तिथे पोचल्यासारखं होतं. ताईंच्या गळ्यातून स्वर निघतो आणि माझी बोटं त्याच्या पाठोपाठ जातात, मधे पापणी लवण्याइतकीच फट. गेली 22 वर्षं मी ताईंना साथ करते आहे. ही फट सांभाळणं हाच माझा रियाज आणि हीच माझी रोजीरोटी. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, क्लेअर काउंटीतल्या मिलटाउन मालबे नावाच्या लहानशा गावात, एका म्हाताऱ्या बासरीवाल्याने मला सांगितलं की ही फट इथे नको.

2024 च्या जूनमध्ये आमचे इंग्लंडमध्ये कार्यक्रम होते. शेवटचा कार्यक्रम झाला, ताई आणि तबलजी मुंबईला परतले, आणि मी पेटी घेऊन लंडनहून आयर्लंडमधल्या शॅननच्या विमानात बसले. हे मी सहा महिने आधीच ठरवलं होतं. काही वर्षांपूर्वी एका मित्राने मला श्रीमती क्रॉटी यांचं जुनं ध्वनिमुद्रण ऐकवलं होतं. एलिझाबेथ क्रॉटी, जन्म 1885, क्लेअरमधल्या किलरश गावात पब चालवायच्या आणि कॉन्सर्टिना, म्हणजे दोन हातांत धरायची भात्याची छोटी पेटी, वाजवायच्या. 1950 च्या दशकात आयरिश रेडिओच्या लोकांनी तिथे जाऊन त्यांचं वादन टिपलं. मी डोळे मिटून ऐकलं आणि मला वाटलं, ही तर पेटीच. तोच सुराचा पोत, तीच भात्याची धाप. फक्त कुणीतरी पेटीला पळायला शिकवलं होतं.

तेव्हापासून ते वाद्य एकदा हातात धरायचं होतं.

तयारीचं थोडक्यात सांगते. माझ्या ब्रिटिश व्हिसावर आयर्लंड चालणार नव्हतं, म्हणून वेगळा व्हिसा काढला. तिथे दर उन्हाळ्यात आयरिश पारंपरिक संगीताची शाळा भरते, त्या विली क्लॅन्सी समर स्कूलमध्ये कॉन्सर्टिनाच्या अगदी नवशिक्यांच्या वर्गात नाव घातलं. राहायची जागा मात्र मुश्किलीने मिळाली, कारण जुलैच्या पहिल्या आठवड्यात त्या गावात आणि आसपासच्या सगळ्या गावांत एकही खाट रिकामी नसते. लोक एका वर्षीची खोली सोडताना पुढच्या वर्षीची सांगून ठेवतात. मला गावाबाहेर, क्विल्टीच्या रस्त्यावर, एका विधवा बाईंच्या घरी माडीवरची खोली मिळाली. कॉन्सर्टिना आठवड्यासाठी भाड्याने घेतली. एनिसहून बसने पोचले तेव्हा रात्रीचे नऊ वाजून गेले होते आणि बाहेर आपल्याकडच्या साडेपाचचं ऊन होतं. गाव म्हणजे एक लांब उतरता रस्ता, दोन्ही बाजूंना रंगवलेली घरं, आणि प्रत्येक दुसऱ्या दारातून वाद्यांचा आवाज. पंढरीच्या वाटेवर एखाद्या गावात मुक्कामाच्या रात्री दर ओसरीवर वेगळी भजनी मंडळी बसलेली असते, त्याची आठवण झाली.

ज्यांच्या नावाने हे सगळं चालतं ते विली क्लॅन्सी याच परिसरातले. जन्म 1918, पेशाने सुतार. वडील गिल्बर्ट बासरी आणि कॉन्सर्टिना वाजवायचे आणि गॅरेट बॅरी या अंध पाइपरचं, म्हणजे पिशवीत हवा भरून वाजवायचे पाइप्स वाजवणाऱ्याचं, वादन त्यांनी प्रत्यक्ष ऐकलेलं होतं. मुलाला त्या पाइपरच्या चाली वडिलांच्या तोंडून मिळाल्या, वाद्य मिळालं ते पुढे. जॉनी डोरन नावाचे भटके पाइपर घोडागाडीतून गावोगाव फिरत आणि जत्रांत, शर्यतींत वाजवत. त्यांना ऐकून विलींनी उलियन पाइप्स धरले. कामासाठी ते डब्लिनला गेले, लंडनला गेले, आणि 1957 मध्ये वडील वारल्यावर गावी परतले ते कायमचे. 1973 च्या जानेवारीत ते गेले. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात त्यांच्या मित्रमंडळींनी ही शाळा सुरू केली. गेलेल्या माणसाचा पुतळा नंतर झाला, आधी वर्ग भरले. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

उलियन पाइप्सबद्दल एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. हे वाद्य तोंडाने फुंकत नाहीत. उलियन म्हणजे कोपर. उजव्या कोपराखाली एक छोटा भाता असतो, तो दाबून डाव्या काखेतल्या पिशवीत हवा भरायची. मी पहिल्यांदा समोर बसून पाहिलं तेव्हा माझी नजर वाजवणाऱ्याच्या बोटांवर ठरेचना, सारखी त्या कोपरावर जायची. भात्यावर जगणाऱ्या माणसाला दुसऱ्याचा भाता आधी दिसतो.

सोमवारपासून शनिवारपर्यंत रोज सकाळी दहा ते एक वर्ग. वर्ग भरायचे कुठे, तर शाळेत, घरांत, जिथे दहाबारा खुर्च्या मावतील तिथे. माझ्या वर्गात अकरा जण. त्यात सात-आठ वर्षांची तीन मुलं, डब्लिनचे एक निवृत्त बसचालक, ब्रिटनी प्रांतातली एक फ्रेंच नर्स, आणि मी. शिक्षिका तिशीच्या. इथे सगळे एकमेकांना पहिल्या नावानेच हाक मारतात. मला ते शेवटपर्यंत जमलं नाही. मी त्यांना 'टीचर' म्हणत राहिले आणि पहिल्या दिवशी वर्गात शिरताना माझा हात आपसूक त्यांच्या पायाशी गेला. त्या दचकल्या. मग कारण समजल्यावर त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाल्या, "आता बस, आणि मला तुझी पेटी कधी दाखवणार ते सांग."

कॉन्सर्टिना म्हणजे सहा कोनांची, दोन ओंजळींत मावेल एवढी पेटी. दोन्ही टोकांना लाकडी किंवा धातूच्या नक्षीदार चकत्या, मधे भाता, आणि प्रत्येक बाजूला पंधरा बारीक बटणं. चामड्याच्या पट्ट्यांत हात अडकवायचे आणि डावा गुडघा किंवा मांडी हा तिचा पाट. आतले सूर आपल्यासारखेच: चौकटीत बसवलेली धातूची जीभ, हवेने थरथरणारी. फरक इतका की आपल्या पेटीत जीभ पितळेची असते, इथे पोलादाची. म्हणून आवाज जरा उभा, धारदार येतो.

पण खरा फरक पुढे आहे आणि तो मला कुणी आधी सांगितला असता तरी कळला नसता. आपल्या पेटीत भाता म्हणजे श्वास. डाव्या हाताने हवा भरत राहायची, आत साठवणीचा भाता असतोच, सूर अखंड राहतो. भात्याचा हात मागे जातोय की पुढे, याचा सुराशी काही संबंध नाही. क्लेअरमध्ये वाजवतात त्या अँग्लो कॉन्सर्टिनाचं तसं नाही. एकच बटण भाता दाबताना एक सूर देतं आणि ओढताना दुसरा.

मधली ओळ घ्या. डाव्या हाताचं मधलं बटण: दाबलं की सा, ओढलं की रे. त्याच्या शेजारचं: दाबलं की ग, ओढलं की म. त्याच्या पलीकडचं: दाबलं की प, ओढलं की ध. मग उजव्या हाताचं पहिलं बटण: इथे उलटं, ओढलं की नी आणि दाबलं की वरचा सा. म्हणजे सा ग प दाबून, रे म ध नी ओढून, आणि चार बटणांत अख्खं सप्तक. आरोहात ध आणि नी हे लागोपाठ दोन्ही ओढून येतात. माझा हात प्रत्येक वेळी नेमका तिथेच उलटा फिरायचा आणि नीच्या जागी सा वाजायचा. शेजारच्या सात वर्षांच्या मुलीने मला समजावलं, "इथे दोनदा श्वास घ्यायचा." तिच्या शिक्षिकेने तिला तसं शिकवलं असणार. त्या एका वाक्याने माझं काम झालं.

दोन दिवस मी सरगमशिवाय काही वाजवलं नाही. तिसऱ्या दिवशी टीचरना विचारलं, दोन्ही दिशांना एकच सूर देणारी कॉन्सर्टिना असते ना? असते. ती इंग्लिश कॉन्सर्टिना, चार्ल्स व्हीटस्टन यांची. शाळेत भौतिकशास्त्रात आपण ज्यांच्या नावाचा ब्रिज शिकतो तेच हे व्हीटस्टन, लंडनच्या वाद्यनिर्मात्यांच्या घरातले. दोन सूर देणारी रचना मात्र जर्मनीतून आली, केम्निट्झच्या कार्ल उलिग यांनी 1834 मध्ये केलेली. पुढे जर्मन रचना आणि इंग्लंडची कारागिरी एकत्र आली ती अँग्लो. मग एवढा त्रास कशाला, इंग्लिशच का नाही वाजवत? टीचरनी उत्तर दिलं नाही. स्वतःची शंभरी ओलांडलेली जेफ्रीज बनावटीची कॉन्सर्टिना मांडीवर घेतली आणि एक जिग, म्हणजे नाचाची चाल, वाजवली. मग म्हणाल्या, "आता माझ्या बोटांकडे बघू नकोस, भात्याकडे बघ." पुन्हा वाजवली. भाता आत-बाहेर होताना जे बारीक हिसके बसत होते, तेच त्या चालीचे ठेके होते. सूर बदलायला दिशा बदलावीच लागते, आणि दिशा बदलली की सुराला आपोआप धक्का मिळतो. ते लोक ज्याला 'लिफ्ट' म्हणतात, ज्याने नाचणाऱ्याची टाच उचलली जाते, ती यातून येते. म्हणजे वादक ठेका वेगळा देत नाही, तो वाद्याच्या श्वासातच आहे.

त्याच दिवशी दुपारी माझ्या भाड्याच्या कॉन्सर्टिनाचा एक सूर मुका झाला. उजव्या हातातला, ओढतानाचा. दाबताना ठीक, ओढलं की नुसती हवा. ज्यांच्याकडून आणली त्यांना फोन केला, तर सोमवारनंतर बघू म्हणाले. सोमवारी मी मुंबईच्या विमानात असणार होते. मला रडूच आलं. टीचर म्हणाल्या, "थांब." खिशातून एक बारीक पेचकस काढला, चकतीचे सहा स्क्रू एकेक करून सोडवले आणि चहाच्या बशीत घड्याळाच्या आकड्यांसारखे मांडून ठेवले, ज्या भोकातला स्क्रू त्याच भोकात परत जावा म्हणून. चकती निघाली. आत बटणांच्या तरफा, खाली सुरांची पाटी. त्यांनी पाटी उजेडाकडे धरली, मुका सूर शोधला, आणि सुटी नोट घ्यायला पर्स उघडली. मी म्हटलं, "थांबा, मला करू द्या." माझ्या डायरीच्या पानाची अरुंद पट्टी फाडली, जिभेच्या आणि चौकटीच्या मधल्या फटीत अलगद सरकवली आणि एकदा टोकापर्यंत ओढून काढली. भात्याच्या अस्तराचा केसाएवढा धागा तिच्याबरोबर बाहेर आला. पाटी तोंडापाशी धरून हवा ओढली. सूर बोलला.

टीचर माझ्याकडे बघत राहिल्या. हे मला आमच्या गावच्या पेटी दुरुस्त करणाऱ्या काकांनी शिकवलं होतं, अशाच कागदाच्या पट्टीने, वयाच्या बाराव्या वर्षी. टीचरना त्यांच्या आजीने शिकवलं होतं.

मग त्यांनी मला आजीचं सांगितलं. क्लेअरमध्ये कॉन्सर्टिना हे बायकांचं वाद्य. आयरिश भाषेत तिचं एक नावच बायकांची पेटी अशा अर्थाचं आहे. फिडल (म्हणजे व्हायोलिन), पाइप्स पुरुषांचे; कॉन्सर्टिना स्वयंपाकघरातल्या फडताळात, आईच्या हाताशी. मिलटाउनजवळच्याच किटी हेज यांनी संसारात कैक वर्षं ती बाजूला ठेवली आणि उतारवयात पुन्हा हातात घेतली, तेव्हा लोकांना कळलं की त्यांच्या बोटांत किती जुनी, किती सावकाश गोडी होती. मी हे ऐकत होते आणि माझ्या डोळ्यांसमोर आपल्याकडचे मंच येत होते. पेटीवर साथीला बाई बसलेली अजूनही क्वचित दिसते. मी पहिल्यांदा बसले तेव्हा आयोजकांनी मला तंबोऱ्यामागे बसायला सांगितलं होतं, कारण तिथेच बाई बसते असा त्यांचा समज. त्या दुपारी मला पहिल्यांदा वाटलं की माझ्या वाद्याच्या नात्यात कुठेतरी एक माहेर आहे.

आणखी एक नातं व्याख्यानांतून कळलं. 1935 मध्ये आयर्लंडमध्ये सार्वजनिक नाचांवर परवान्याचा कायदा आला. कायदा होता नाचाच्या हॉलसाठी, पण अंमल असा झाला की घराघरांत होणारे नाच बंद पडले. स्वयंपाकघराच्या दगडी फरशीवर शेजारीपाजारी जमायचे, एक फिडल किंवा एक कॉन्सर्टिना पुरायची, ते सगळं थांबलं. मोठ्या हॉलमध्ये एकट्या कॉन्सर्टिनाचा आवाज पुरेना; तिथे अकॉर्डियन आले, नाचासाठी वाजवणारे केली बँड आले. त्याच सुमाराला, 1940 मध्ये, ऑल इंडिया रेडिओने पेटीला बंदी केली. ती उठायला 1971 उजाडलं. आपल्या पेटीला विद्वानांनी परकी आणि बेसूर ठरवलं, त्यांच्या पेटीला पाद्र्यांनी आणि कायद्याने स्वयंपाकघरातून बाहेर काढलं. दोन्ही वाचल्या, कारण लोकांनी त्या सोडल्या नाहीत. भजनी मंडळांनी आणि नाटक कंपन्यांनी आपली राखली, क्लेअरच्या आयाआज्यांनी त्यांची.

आता त्या संध्याकाळबद्दल.

बुधवारी रात्री मी माझी स्वतःची पेटी घेऊन गावात गेले. घरमालकीण बाईंचा फार आग्रह होता. एका पबच्या मागच्या खोलीत सेशन चालू होतं. सेशन म्हणजे कार्यक्रम नव्हे. मंच नाही, माइक नाही. एका टेबलाभोवती आठ-दहा वादक आतल्या बाजूला तोंड करून बसतात आणि एकमेकांसाठी वाजवतात; बाकीच्यांनी ऐकायचं तर ऐकावं. कुणीतरी एक चाल धरतो, ज्यांना येते ते सगळे तीच चाल वाजवतात. तीन वेळा झाली की नजरेने खूण, आणि क्षणभरही न थांबता दुसरी चाल. दोन-तीन चालींचा एक संच झाला की थांबायचं, घोट घ्यायचा, गप्पा. त्यांनी मला जागा करून दिली. पेटी टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवली. सगळ्यांनी कौतुकाने हात लावून पाहिली.

एक रील, म्हणजे वेगाची नाचाची चाल, सुरू झाली. मला ती येत नव्हती. पण मी 22 वर्षं न येणाऱ्या गोष्टींच्याच मागे जाते आहे. ताई आज कोणती तान घेणार हे मला कुठे ठाऊक असतं? मी कान लावले आणि बोटं मागे सोडली. फिडलचा स्वर आला की माझा स्वर, पापणीभर मागे. मला वाटलं, जमतंय. दुसऱ्या आवर्तनात फिडलवाल्या बाईंनी मान वर केली. तिसऱ्यात बासरीवाल्या आजोबांनी डोळे उघडले. ठेका जड होत चालला होता, चिखलातून चालल्यासारखा, आणि तो माझ्यामुळे होत होता हे मला फार उशिरा कळलं. त्या चाली इतक्या वेगाच्या, इतक्या घट्ट विणलेल्या की मागून येणारा प्रत्येक स्वर पुढच्या स्वरावर पडतो. दहा जण एका श्वासात धावतात आणि अकरावी त्यांचा कोट ओढत असते.

संच संपला. कुणी काही बोललं नाही. मग आजोबा माझ्याकडे वाकले. ऐंशीच्या घरातले असतील. अगदी हळू, दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाले, "मुली, तुझा कान फार चांगला आहे. पण चाल येत असेल तर आमच्याबरोबर वाजव. येत नसेल तर ऐक. ऐकणारासुद्धा सेशनमध्येच असतो. मागून नको."

माझा चेहरा तापला. मला ते अन्यायाचं वाटलं, कारण माझ्या आयुष्याचं जे काम, त्यालाच ते नको म्हणत होते. मी पेटी बंद केली आणि तासभर तशीच बसले. आणि त्या तासात, दुसरं काही करायला नसल्यामुळे, मी ऐकलं. तिथे पुढे कुणीच नव्हतं. गायक नव्हता, मुख्य वादक नव्हता. फिडल, बासरी, पाइप्स, कॉन्सर्टिना, सगळे तीच चाल वाजवत होते, आणि तरी प्रत्येकाची वेगळी होती. बासरी एका जागी श्वासासाठी स्वर सोडायची, तिथे फिडल छोटी गिरकी घ्यायची. दुसऱ्या आवर्तनात आजोबांनी एकच स्वर बदलला, खालचा सोडून वरचा घेतला, आणि पलीकडच्या पाइपरने न बघता मान हलवली. आपल्याकडे ताईंनी अनपेक्षित जागा घेतली की तबलजी जशी मान हलवतो, तशीच. कुणीतरी "माह हू!" म्हणालं, म्हणजे शाब्बास. विस्तार नाही, आलाप नाही, अस्ताई-अंतऱ्यासारखे दोन भाग, प्रत्येक दोनदा, एवढ्यात सगळं. मला ते आधी तोकडं वाटलं होतं. त्या रात्री वाटलं, एवढ्याशा अंगणात हे किती जणांना नाचायला जागा करून देतात.

मधेच एक बाई गायला उठल्या. उठल्या म्हणजे बसल्या जागीच त्यांनी डोळे मिटले. कुणीतरी "क्यूनस" म्हणालं, शांत राहा, आणि बारपासून दारापर्यंत खोली थांबली. आयरिशमधलं जुनं गाणं, कसल्याही वाद्याशिवाय, सुराला आधार म्हणून सुद्धा काही नाही. ठेका नाही, लांबवलेल्या शब्दांवर बारीक हरकती. शेजारच्या माणसाने त्यांचा हात धरला आणि गाण्याच्या गतीने हळूहळू फिरवत राहिला. माझी बोटं बंद पेटीच्या झाकणावर सा शोधत होती. मी ती उचलून मांडीवर ठेवली. कुणाच्याही साथीशिवाय पूर्ण असलेलं गाणं मी पहिल्यांदाच इतक्या जवळून ऐकत होते.

दुसऱ्या दिवसापासून मी कॉन्सर्टिनावर एकच ध्येय ठेवलं: एक जिग पक्की. गॅरेट बॅरींच्या नावाने ओळखली जाते ती. टीचर ती चार-चार स्वरांचे तुकडे करून शिकवायच्या, कागदाशिवाय, तोंडाने गाऊन, मग वाजवून. आपल्या गुरुमुखी तालमीहून काहीही वेगळं नाही. ती चाल माझ्या कानाला पटकन लागली, कारण तिचा स्वरसाज आपल्या खमाज थाटाचा, कोमल निषादाचा. त्यांच्या कितीतरी चाली अशा खमाजच्या किंवा काफीच्या अंगाने जातात. आणि जिगची चाल सहा मात्रांची, तीन-तीनच्या दोन जोड्या, म्हणजे मला दादराच. पण इथे एक फसगत झाली. मी दादऱ्याचं वजन देऊन वाजवायला लागले तर टीचर थांबवायच्या. दादरा झुलतो, जिग उसळते. तीनातला पहिला स्वर जरा रेंगाळतो, मधला चटकन जातो, तिसरा पुढच्याला धक्का देतो. हे मला शब्दांतून समजलं नाही. गुरुवारी दुपारी हॉलमध्ये सेट नाच शिकवत होते तिथे जाऊन मी भिंतीला टेकून नुसते पाय बघितले. क्लेअरचे नाचणारे टाच आणि चवडा जमिनीवर आपटून बोल काढतात, अगदी आपल्या तत्कारासारखे. त्यांच्या बुटांनी मला दोन तासांत जे शिकवलं, ते घेऊन मी रात्री माडीवर उशीवर कॉन्सर्टिना दाबून, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून, दीड वाजेपर्यंत वाजवलं. सकाळी घरमालकीण बाई म्हणाल्या, "दुसरा भाग अजून कच्चा आहे." त्यांनी सगळं ऐकलं होतं.

शुक्रवारी एकटीच बॅलार्डच्या दफनभूमीत जाऊन आले. विली क्लॅन्सींच्या कबरीपाशी दोन तरुण पोरं पाइप्स घेऊन बसली होती. अटलांटिकवरून येणाऱ्या वाऱ्यात सूर तुटत होते. मी थोडा वेळ उभी राहिले, नमस्कार केला आणि आले.

शनिवारी शेवटचा वर्ग झाला. संध्याकाळी मी पुन्हा त्याच पबच्या मागच्या खोलीत गेले, या वेळी फक्त कॉन्सर्टिना घेऊन. आजोबा त्यांच्याच खुर्चीत होते. त्यांनी शेजारचं स्टूल पायाने सरकवून दिलं. तासभर मी नुसती बसले. मग एका संचाच्या आधी ते माझ्याकडे वळले, "तुझ्याकडे काही आहे का?" मी जिगचं नाव सांगितलं. त्यांनी टेबलाभोवती नजर फिरवली, आणि म्हणाले, "धर, तुझ्या चालीने."

सुरुवात मला करायची होती. 22 वर्षांत मी कधीही पहिला स्वर लावलेला नाही. तो नेहमी ताईंचा. मांडीवर भाता थोडा उघडला, श्वास घेतला आणि पहिला स्वर सोडला. दोन मात्रा मी एकटी होते. तिसऱ्यावर फिडल आलं, चौथ्यावर बासरी, आणि मग सगळे. माझ्या पुढे कुणी नव्हतं आणि मागेही नव्हतं. त्यांनी वेग माझाच ठेवला, जरासुद्धा वाढवला नाही. पहिल्या आवर्तनात दुसऱ्या भागात माझा हात एकदा उलटा फिरला, पण चाल थांबली नाही, तिने मला पुढच्या मात्रेवर उचलून घेतलं. दुसरं आवर्तन. तिसरं. भाता आता माझं न ऐकता स्वतःच ठेका देत होता. तिसरं संपता संपता आजोबांनी भुवया उंचावल्या आणि न थांबता दुसऱ्या चालीत शिरले.

ती मला येत नव्हती. मी भाता मिटला, त्याचा छोटा पट्टा लावला, कॉन्सर्टिना मांडीवर उभी केली आणि ऐकू लागले.